मोठ्या फाइलमधल्या स्टाइल शाबूत कशा ठेवायच्या: आधी साफसफाई, शेवटी कुलूप

"सर, फाइल उघडली की फॉन्ट आपोआप बदलून राहिला." नागपुरात प्रबंधाचं सेटिंग करणाऱ्याला हे वाक्य सतत ऐकावं लागतं. फाइल अडीचशे-तीनशे पानांची असते, सादर करायला आठ दिवस उरलेले असतात आणि एका प्रकरणाचा मजकूर १४ पॉइंटचा, तर दुसऱ्याचा ११ चा दिसत असतो. मग रात्रभर बसून एकेक परिच्छेद हाताने सरळ केला जातो. सकाळी पुन्हा तेच.

फॉन्ट आपोआप बदलत नाही. कारणं ठरलेली आहेत आणि ती सगळी बंद करता येतात. बहुतेकांचं चुकतं ते क्रमात. कुणी साफसफाई न करताच कुलूप लावतं, म्हणजे फाइलमध्ये हाताने सजावट करायला बंदी घालतं, कुणी स्टाइल ठरवण्याआधी प्रकरणं एकत्र करतं. खाली जो क्रम दिला आहे, तो मोडू नका. सगळं मायक्रोसॉफ्ट वर्डच्या कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीसाठी आहे. मोबाइलवर यातलं बरंचसं दिसणारही नाही.

सुरुवातीला एवढं डोक्यात ठेवा

वर्डमध्ये अक्षरांवर दोन थर असतात. खालचा थर स्टाइलचा, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या मांडणीचा: ‘हेडिंग १’, ‘बॉडी टेक्स्ट’ वगैरे. वरचा थर हाताने दिलेल्या सजावटीचा: मजकूर निवडून बोल्ड केला, आकार १६ केला, मध्यभागी आणला. वरचा थर नेहमी खालच्याला झाकतो. स्टाइल बदलली तरी काही परिच्छेद हलत नाहीत, ते यामुळेच.

दुसरी गोष्ट, परिच्छेदाची सगळी मांडणी त्याच्या शेवटच्या खुणेत साठवलेली असते. होम टॅबवरचं उलट्या ‘पी’सारखं बटण दाबलं की ती खूण दिसते. काम संपेपर्यंत ते बटण चालूच ठेवा. पडदा गजबजलेला दिसतो, पण डोळ्यांना लवकर सवय होते. खुणा न दिसता काम करणं म्हणजे अंधारात शिवण घालणं आहे.

टप्पा १: प्रत आणि जागा

मूळ फाइलला हात लावू नका. ‘सेव्ह ॲज’ करून नावापुढे तारीख आणि क्रमांक घाला आणि प्रत्येक टप्प्यानंतर नवा क्रमांक द्या. मे महिन्यात नागपुरात दुपारी वीज गेली आणि यूपीएस नसेल, तर उघडी फाइल अर्धवट राहू शकते. पेन ड्राइव्हवरची फाइल थेट उघडून काम करू नका. आधी कॉम्प्युटरवर उतरवा, काम करा, मग परत पेन ड्राइव्हवर टाका.

तुमच्या विद्यापीठाचं किंवा विभागाचं मांडणीचं परिपत्रक समोर ठेवा. समास, ओळींतलं अंतर, अक्षरांचा आकार हे सगळं कागदावर लिहून घ्या. "मैत्रिणीच्या प्रबंधात असं होतं" यावर विसंबू नका, नियम बदललेले असू शकतात.

टप्पा २: जुन्या फॉन्टचा मजकूर शोधा

हा टप्पा वगळला, तर पुढचं सगळं वाया जातं. आपल्याकडच्या बऱ्याच फाइलींत काही प्रकरणं श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी सुरेखसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात आणि बाकीची युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांवर चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत. पडद्यावर दोन्ही मराठीच दिसतात. पण जुन्या फॉन्टमध्ये आतली अक्षरं इंग्रजी किंवा चिन्हांची असतात, त्यांना मराठीचं रूप देतो तो फक्त फॉन्ट. त्या मजकुराला नवी स्टाइल लावली किंवा सजावट पुसली, की फॉन्ट जातो आणि पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा उरतो. इतकंच काय, वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करण्याची वर्डची सवयही अशा मजकुरातला एखादा शब्द गुपचूप बदलून टाकते.

ओळखायची युक्ती सोपी आहे. प्रत्येक प्रकरणातला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठीच दिसली तर युनिकोड. इंग्रजी अक्षरं दिसली तर जुना फॉन्ट.

असा मजकूर सापडला की आधी फॉन्ट-परिवर्तकाने युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मग मूळ प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहा. रफार, जोडाक्षरं आणि अवतरणचिन्हं या तीन जागी परिवर्तक जास्त चुकतात. इंग्रजी उद्धरणं परिवर्तकात घालू नका, ती आधीच वेगळी काढून ठेवा.

*तपासणी:* प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तीन परिच्छेद नोटपॅडमध्ये पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. तळटीपा आणि तक्त्यांतला मजकूर वेगळा तपासा, जुना फॉन्ट तिथेच लपून बसतो.

टप्पा ३: स्टाइल ठरवा, आणि मराठीचा खाना भरा

आता एक कोरी फाइल घ्या. लांबलचक प्रबंधाला स्टाइल किती लागतात? बहुतेक वेळा दहा-बाराच. माझ्याकडे आलेल्या, झाडीपट्टी (पूर्व विदर्भ) रंगभूमीवरच्या एका प्रबंधाची यादी अशी होती: प्रकरणाचं नाव, उपशीर्षक, उप-उपशीर्षक, मूळ मजकूर, उद्धरण, नाटकातला संवाद, दंडार या लोकनाट्यातल्या गाण्याच्या ओळी, तक्त्याचं नाव, तक्त्यातला मजकूर, तळटीप, संदर्भसूची. एवढ्यात सगळं बसलं. यादी आधी कागदावर करा.

शीर्षकांसाठी वर्डच्या तयार ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’, ‘हेडिंग ३’ याच वापरा. अनुक्रमणिका आणि डावीकडची नॅव्हिगेशनची पट्टी त्यांच्यावरच चालते. मूळ मजकुराला ‘बॉडी टेक्स्ट’ वापरा. ‘नॉर्मल’ला शक्यतो हात लावू नका. बाकीच्या बहुतेक स्टाइल तिच्यावर उभ्या असतात, तिचा आकार बदलला की तक्ते, पान क्रमांक असं बरंच काही एकदम हलतं.

मराठी फाइल इथेच सगळ्यात जास्त बिघडते, म्हणून थोडं थांबून सांगतो.

वर्ड मराठीला इंग्रजीपेक्षा वेगळ्या कप्प्यात ठेवतो. त्या कप्प्याचं नाव ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’. एकाच स्टाइलमध्ये इंग्रजीचा फॉन्ट, जाडी आणि आकार वेगळा आणि मराठीचा फॉन्ट, जाडी आणि आकार वेगळा लिहिलेला असतो. लोक स्टाइलमध्ये आकार १४ भरतात, पण तो इंग्रजीच्या खान्यात जातो आणि मराठी जुन्याच आकारावर राहते. मग वैतागून मजकूर निवडायचा आणि वरच्या पट्टीवरून १४ करायचं. पडद्यावर बरोबर दिसतं, पण ती हाताची सजावट झाली. पुढच्या वेळी स्टाइल लावली की ती निघून जाते आणि "फॉन्ट बदलून राहिला" सुरू होतं.

उपाय असा:

१. ‘फाइल’ मधल्या ‘ऑप्शन्स’ मध्ये ‘लँग्वेज’ उघडून मराठी जोडा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा. मराठी जोडलेली नसेल तर पुढचा खाना दिसत नाही.

२. स्टाइलच्या नावावर उजवं बटण दाबून ‘मॉडिफाय’ घ्या. खाली डावीकडे ‘फॉरमॅट’, त्यात ‘फॉन्ट’.

३. उघडलेल्या खिडकीत वर ‘लॅटिन टेक्स्ट’ आणि खाली ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असे दोन भाग दिसतील. दोन्हीकडे फॉन्ट, जाडी आणि आकार भरा. शीर्षक ठळक हवं असेल तर बोल्डही दोन्हीकडे.

४. यादीतल्या प्रत्येक स्टाइलला हे करा. तळटीप विसरू नका.

मराठीसाठी विंडोजचे मंगल, निर्मला यूआय, कोकिळा हे फॉन्ट चालतात. कोकिळा त्याच आकारात बराच बारीक दिसतो, तो निवडला तर आकार वाढवावा लागतो. एकच फॉन्ट घ्या आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

ओळींतलं अंतर ‘एक्झॅक्टली’ ठेवू नका. ‘मल्टिपल’ घ्या किंवा ‘ॲट लीस्ट’. ‘एक्झॅक्टली’मध्ये ओळीची उंची बांधली जाते आणि देवनागरीत वर जाणारी चिन्हं कापली जातात. मी एका प्रबंधाचं छापील पान हातात घेतलं तेव्हा ‘सर्व’ हा शब्द सगळीकडे ‘सव’ दिसत होता. टायपिंग बरोबर होतं, रफार मात्र ओळीच्या कडेवर अर्धा कापला गेला होता.

‘मॉडिफाय’च्या खिडकीत आणखी तीन गोष्टी पाहा. ‘स्टाइल फॉर फॉलोइंग पॅराग्राफ’ मध्ये शीर्षकांनंतर ‘बॉडी टेक्स्ट’ द्या, म्हणजे एंटर दाबल्यावर मजकूर आपोआप योग्य स्टाइलमध्ये सुरू होईल. ‘ओन्ली इन धिस डॉक्युमेंट’ निवडलेलं असू द्या. आणि ‘ऑटोमॅटिकली अपडेट’ या चौकोनातली टिक काढा.

*इशारा:* ही शेवटची टिक फार महाग पडते. झाडीपट्टीच्याच प्रबंधात तो लिहिणाऱ्या ताईंनी एक संवाद मध्यभागी आणला. टिक चालू होती. पहिल्या प्रकरणापासून परिशिष्टापर्यंतचे सगळे संवाद त्या क्षणी मध्यभागी गेले. त्या सहाव्या प्रकरणात काम करत होत्या, म्हणून मागे काय झालं ते त्यांना चार दिवसांनी कळलं.

शीर्षकांचे क्रमांक हाताने टाइप करू नका. ‘मल्टिलेव्हल लिस्ट’ मध्ये ‘डिफाइन न्यू’ घेऊन प्रत्येक पातळी ‘लिंक लेव्हल टू स्टाइल’ने त्या-त्या हेडिंगशी जोडा. एकदा जोडलं की नंतर उपशीर्षक मध्ये घातलं तरी पुढचे क्रमांक आपोआप सरकतात.

*तपासणी:* प्रत्येक स्टाइलमध्ये एक ओळ मराठी आणि एक ओळ इंग्रजी टाइप करा. आकार, जाडी आणि फॉन्ट दोन्हींचे बरोबर आले, तर ही कोरी फाइल वेगळ्या नावाने जपा.

टप्पा ४: वर्डच्या आपोआप करायच्या सवयी बंद करा

‘ऑप्शन्स’, ‘प्रूफिंग’, ‘ऑटोकरेक्ट ऑप्शन्स’, मग ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’. तिथल्या ‘डिफाइन स्टाइल्स बेस्ड ऑन युवर फॉरमॅटिंग’, ‘बिल्ट-इन हेडिंग स्टाइल्स’ आणि आपोआप क्रमांक-बुलेट देणाऱ्या टिका काढा.

मग ‘ऑप्शन्स’, ‘ॲडव्हान्स्ड’, ‘कट, कॉपी अँड पेस्ट’. दुसऱ्या प्रोग्रॅममधून चिकटवताना ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ ठेवा. दोन वर्ड फाइलींत स्टाइलचा वाद झाला तर ‘यूज डेस्टिनेशन स्टाइल्स’. हे एकदाच करायचं आहे, पण प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळं करायचं आहे. घरच्या लॅपटॉपवर केलं आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर नाही, तर उपयोग नाही.

टप्पा ५: प्रत्येक प्रकरण वेगळं साफ करा

सगळ्यात वेळखाऊ काम हेच आहे. एका बैठकीत एकच प्रकरण घ्या. टप्पा ३ मधल्या स्टाइल आधी त्या प्रकरणात आणा, टप्पा ७ मध्ये दिलेल्या ‘इम्पोर्ट-एक्स्पोर्ट’ने.

स्टाइलची बाजूची पट्टी उघडण्यासाठी कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि एस एकत्र दाबा. पट्टीच्या खाली ‘ऑप्शन्स’ आहे. त्यात ‘इन यूज’ निवडा आणि परिच्छेद, फॉन्ट, बुलेट या तिन्ही सजावटी यादीत दाखवायच्या टिका लावा. आता यादीत फक्त वापरातल्या स्टाइल दिसतील आणि त्यांच्यासोबत ‘बॉडी टेक्स्ट अधिक १३ पॉइंट’ अशा नोंदीही येतील. या जोडनोंदी म्हणजे हाताने केलेली सजावट. वर्षभर चार कॉम्प्युटरांवर फिरलेल्या प्रकरणात अशा नोंदींची लांबच लांब रांग लागते. घाबरू नका, एकेक उडवायची आहे.

१. *आधी शीर्षकं.* प्रत्येक शीर्षकात कर्सर नुसता ठेवा आणि कंट्रोल, ऑल्ट आणि १, २ किंवा ३ दाबा. शब्द निवडू नका. अर्धं शीर्षक निवडून हेडिंग लावलं, तर ‘लिंक्ड’ स्टाइल फक्त तेवढ्याच शब्दांना लागते आणि परिच्छेद मूळ स्टाइलमध्येच राहतो. पट्टीच्या तळाशी ‘डिसेबल लिंक्ड स्टाइल्स’ ही टिक आहे. ती लावून ठेवली तर ही चूक होतच नाही.

२. *मग मजकूर.* एका परिच्छेदात कर्सर ठेवा. होम टॅबवर उजवीकडे ‘सिलेक्ट’मध्ये ‘सिलेक्ट टेक्स्ट विथ सिमिलर फॉरमॅटिंग’ घ्या. सारखे दिसणारे सगळे परिच्छेद एकदम निवडले जातील. त्यांना ‘बॉडी टेक्स्ट’ द्या.

परिच्छेदाची स्टाइल लावताना वर्डचा एक नियम लक्षात ठेवा. परिच्छेदातल्या निम्म्याहून जास्त अक्षरांना हाताची सजावट असेल, तर स्टाइल ती पुसते. निम्म्याहून कमी अक्षरांना असेल, तर राहू देते. म्हणून दोन-तीन तिरपे शब्द वाचतात, पण अख्खा ठळक केलेला परिच्छेद साधा होतो. लोकांना हे लहरी वाटतं, पण नियम पक्का आहे.

३. *उरलेला कचरा.* परिच्छेदाची हाताची मांडणी पुसायला कंट्रोल आणि क्यू. अक्षरांची सजावट पुसायला कंट्रोल आणि स्पेस. स्पेसवालं बटण ठळक-तिरपे शब्दही साधे करतं, म्हणून अख्खं प्रकरण निवडून ते कधीच दाबू नका. यादीतल्या जोडनोंदीवर उजवं बटण दाबून ‘सिलेक्ट ऑल’ घ्या, काय काय निवडलं गेलं ते पाहा, मगच दाबा.

४. *रिकामे एंटर.* दोन परिच्छेदांत जागा सोडायला घातलेले रिकामे एंटर काढा, ती जागा स्टाइलमधल्या ‘स्पेसिंग आफ्टर’ने द्या. नवीन पानावर जायला पंधरा एंटर मारलेले असतील तर तेही काढा आणि ‘हेडिंग १’ मध्ये ‘पेज ब्रेक बिफोर’ लावा.

*इशारा:* यादीत एखाद्या स्टाइलवर उजवं बटण दाबलं की सगळ्यात वर ‘अपडेट टू मॅच सिलेक्शन’ येतं आणि त्याच्या खाली ‘मॉडिफाय’. बोट जरा वर गेलं, की समोरच्या परिच्छेदाची सजावट स्टाइलमध्ये शिरते आणि फाइलभर पसरते. असं झालं तर दुसरं काही न करता लगेच कंट्रोल आणि झेड.

*तपासणी:* यादीत तुमच्या दहा-बारा स्टाइल आणि वर्डच्या गरजेच्या चार-दोन एवढंच उरलं पाहिजे. एखादा परिच्छेद संशयास्पद वाटला तर शिफ्ट आणि एफ १ दाबा. उजवीकडे त्याची स्टाइल आणि हाताची सजावट वेगवेगळी दिसते.

टप्पा ६: प्रकरणं एकत्र करा

टप्पा ३ मधली कोरी फाइल उघडा. साफ केलेलं पहिलं प्रकरण ‘इन्सर्ट’ टॅबवरच्या ‘ऑब्जेक्ट’च्या बाणातून ‘टेक्स्ट फ्रॉम फाइल’ने आत घ्या. मग दुसरं, तिसरं. दोन्हीकडे एकाच नावाच्या स्टाइल असतील तर मुख्य फाइलचीच व्याख्या टिकते. म्हणूनच स्टाइलची नावं सगळ्या प्रकरणांत अगदी एकसारखी हवीत. एकात ‘उद्धरण’ आणि दुसऱ्यात ‘उध्दरण’ असेल, तर वर्डला त्या दोन वेगळ्या स्टाइल वाटतात.

चिकटवताना ‘कीप सोर्स फॉरमॅटिंग’ कधीच घेऊ नका. जुन्या फाइलचं रूप जसंच्या तसं ठेवायला वर्ड ते हाताच्या सजावटीत उतरवतो आणि टप्पा ५ ची मेहनत पाण्यात जाते.

सेक्शन ब्रेक, म्हणजे वेगळ्या मांडणीचे भाग (सेक्शन) तोडणाऱ्या खुणा, सांभाळा. समास, कागदाची दिशा, पान क्रमांकाची पद्धत हे सगळं त्या सेक्शनच्या शेवटच्या ब्रेकमध्ये साठवलेलं असतं. तो चुकून डिलीट झाला, की आधीचा भाग पुढच्या भागाची मांडणी घेतो. आडव्या पानावरचा तक्ता अचानक उभ्या पानात कोंबला गेला, तर आधी तिथला ब्रेक गेला का ते पाहा.

*तपासणी:* नॅव्हिगेशनची पट्टी उघडा आणि शीर्षकांची उतरंड वाचून काढा. एखादा अख्खा परिच्छेद तिथे शीर्षक म्हणून दिसत असेल, तर त्याची स्टाइल चुकली आहे. मग अनुक्रमणिका घाला.

टप्पा ७: साचा वेगळा जपा

पूर्ण फाइलची एक प्रत घेऊन त्यातला सगळा मजकूर काढा आणि ‘वर्ड टेम्प्लेट’ म्हणून साठवा. पुढे कधी स्टाइल बिघडल्या, तर ‘मॅनेज स्टाइल्स’ मधल्या ‘इम्पोर्ट-एक्स्पोर्ट’ने साच्यातल्या स्टाइल परत आणता येतात.

दुसरा मार्ग ‘डेव्हलपर’ टॅबवरच्या ‘डॉक्युमेंट टेम्प्लेट’चा आहे. तिथे साचा जोडून ‘ऑटोमॅटिकली अपडेट डॉक्युमेंट स्टाइल्स’ ही टिक लावली आणि ओके केलं की स्टाइल साच्याप्रमाणे होतात. पण लगेच परत जाऊन ती टिक काढायची. ती तशीच राहिली तर फाइल दर वेळी उघडताना साच्यातल्या स्टाइल घेईल, आणि मधल्या काळात तुम्ही स्टाइलमध्ये केलेली दुरुस्ती पुसली जाईल.

टप्पा ८: आता कुलूप

इथवर आलात तरच कुलूप लावा. मी स्वतः एकदा घाईत क्रम उलटा केला होता. साफसफाई अर्धवट असताना कुलूप लावायला गेलो, वर्डने प्रश्न विचारला, मी न वाचता ‘येस’ दाबलं. सगळी उद्धरणं आणि गाण्याच्या ओळी साध्या मजकुरात मिसळल्या. जुनी प्रत होती म्हणून वाचलो, तरी दोन दिवस गेले.

१. ‘रिव्ह्यू’ टॅब, ‘रिस्ट्रिक्ट एडिटिंग’. उजवीकडे पट्टी उघडेल.

२. पहिल्या भागात ‘लिमिट फॉरमॅटिंग टू अ सिलेक्शन ऑफ स्टाइल्स’ला टिक करा आणि खालचं ‘सेटिंग्ज’ उघडा.

३. ‘रिकमेंडेड मिनिमम’ दाबा. मग यादी वरपासून खालपर्यंत वाचत तुमच्या प्रत्येक स्टाइलला टिक आहे ना ते पाहा. अनुक्रमणिकेच्या ‘टीओसी’ स्टाइल, तळटीपेच्या दोन्ही स्टाइल, ‘कॅप्शन’, ‘हेडर’ आणि ‘फूटर’ राहू द्या.

४. ठळक आणि तिरप्या शब्दांसाठी ‘स्ट्राँग’ आणि ‘एम्फसिस’ यांना टिक हवीच. कुलूप लागल्यावर बोल्ड-इटॅलिकची बटणं चालत नाहीत, तेव्हा याच दोन वापराव्या लागतात. त्यांच्यातही मराठीचा खाना आधी भरलेला असला पाहिजे.

५. त्याच खिडकीत खाली तीन चौकोन आहेत. ऑटोफॉरमॅटला मुभा देणारा रिकामा ठेवा. थीम आणि स्टाइल-संच बदलणं अडवणाऱ्या दोघांना टिक करा.

६. ओके केल्यावर वर्ड विचारू शकतो: परवानगी नसलेल्या स्टाइल किंवा सजावट फाइलमध्ये असू शकते, काढून टाकू का? *‘नो’ दाबा.* ‘येस’ केलं तर टिक नसलेल्या स्टाइलमधला मजकूर ‘नॉर्मल’ होतो. टिक नसलेली कोणती स्टाइल फाइलमध्ये उरली आहे ते टप्पा ५ च्या यादीत शोधा, दुरुस्त करा आणि पुन्हा इथे या.

७. ‘येस, स्टार्ट एन्फोर्सिंग प्रोटेक्शन’. पासवर्ड द्या आणि तो वहीत लिहून ठेवा. इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडतो.

*तपासणी:* होम टॅबवर फॉन्टचं नाव, आकार आणि बोल्ड फिकट दिसले पाहिजेत. स्टाइलच्या यादीत फक्त टिक केलेली नावं हवीत. एक परिच्छेद टाइप करून, स्टाइल बदलून आणि अनुक्रमणिका अपडेट करून पाहा. सगळं चाललं की फाइल साठवा.

हे कुलूप चुकून होणारा बिघाड थांबवतं. कुणी मुद्दाम मजकूर कॉपी करून नव्या फाइलमध्ये नेला, तर ते अडवू शकत नाही. गुप्ततेसाठी त्यावर विसंबू नका.

टप्पा ९: मार्गदर्शकांकडे पाठवताना आणि परत आल्यावर

त्याच ‘रिस्ट्रिक्ट एडिटिंग’ पट्टीत दुसरा भाग आहे: कोणत्या प्रकारचं संपादन चालेल. तिथे ‘ट्रॅक्ड चेंजेस’ निवडलं तर सरांनी-मॅडमनी केलेला प्रत्येक बदल खुणेसह राहतो. फक्त शेरे हवे असतील तर ‘कॉमेंट्स’ निवडा. यासाठी चालू संरक्षण पासवर्ड देऊन एकदा काढावं लागतं, नवी निवड करायची आणि पुन्हा लावायचं.

व्हॉट्सॲपवर पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा आणि सोबत स्पष्ट लिहा: "सर, कृपया ही फाइल कॉम्प्युटरवरच्या वर्डमध्येच उघडावी." गुगल डॉक्समध्ये स्वतःच्या नावाच्या स्टाइल बनवता येत नाहीत, त्यामुळे तिथे बदलून परत आलेल्या फाइलचा भरवसा धरू नका. अशी फाइल आली तर तिच्यातला मजकूर निव्वळ टेक्स्ट म्हणून तुमच्या कुलूपबंद फाइलमध्ये घ्या. ‘कीप टेक्स्ट ओन्ली’मध्ये तळटीपा आणि चित्रं येत नाहीत, ती वेगळी पाहा.

फाइल परत आली की पहिलं काम म्हणजे टप्पा ५ ची ‘इन यूज’ यादी उघडणं. त्यात नवं नाव दिसलं तर तिथल्या तिथे निपटा. आज एक आहे, पंधरा दिवसांनी वीस होतील.

टप्पा १०: छपाईच्या आधी

अनुक्रमणिकेवर एफ ९ दाबून ‘अपडेट एंटायर टेबल’ घ्या. नुसते पान क्रमांक अपडेट केले, तर बदललेली शीर्षकं जुनीच राहतात.

छपाईला वर्ड फाइल नेऊ नका. सीताबर्डीच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट असेलच असं नाही. नसला तर वर्ड दुसरा लावतो, पानं सरकतात आणि अनुक्रमणिका खोटी ठरते. स्वतःच्या कॉम्प्युटरवर पीडीएफ बनवा आणि तीच न्या. वर्ड फाइल द्यायचीच वेळ आली तर ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’ मध्ये ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’ला टिक करा. त्याखालची नेहमीचे सिस्टिम फॉन्ट वगळणारी टिक काढा, नाहीतर मंगलसारखा फॉन्ट सोबत जाणार नाही.

पीडीएफची दहा पानं आधी छापून घ्या: एक शीर्षकाचं, एक संवादाचं, एक तळटीपांचं, एक आडव्या तक्त्याचं, अनुक्रमणिकेची दोन, बाकीची मधली कुठलीही. खिडकीजवळ उजेडात धरून रफार आणि वेलांट्या पूर्ण उमटल्या आहेत का ते पाहा. मगच दुकानदाराला म्हणा, "भाऊ, आता सगळ्या प्रती काढा."